पाचव्या पायरीपासून जमिनीपर्यंत

२ मार्च

मनगटावरची पट्टी सुटून सात महिने झाले. आज पुन्हा सुरुवात केली.

गेल्या पावसाळ्यात काय झालं ते आधी नीट लिहून ठेवते. तेव्हा सलग वीस साधे पुशअप जमायला लागले होते. एका संध्याकाळी गच्चीवर थेट टाळीचा पुशअप करायला गेले. अंग वर गेलं, टाळी वाजली, आणि खाली येताना कोपरं ताठ राहिली. सगळा भार तळव्याच्या मुळावर आला. रात्रीत उजवं मनगट सुजलं. हाड वाचलं, पण तीन आठवडे भाकरी थापता आली नाही आणि त्याचं मला फार वाईट वाटलं. दुखण्यापेक्षाही जास्त.

अण्णा तेव्हा काही बोलले नव्हते. आज सकाळी चहा पिताना म्हणाले, "धोटा फेकायला काय, कुणालाबी येतंय. पलीकडच्या पेटीत तो गप उभा राहायला पायजे. नाही राहिला तर माग बंद पडतो, नाहीतर मधेच अडकून सगळं सूत तोडतो."

चौतीस वर्षं त्यांनी टॉवेलच्या यंत्रमागांवर काढली. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन मागाच्या एका बाजूच्या पेटीतून दुसऱ्या बाजूच्या पेटीत फेकला जाणारा तुकडा. मी कसरतीवर इतकं वाचलं, इतके व्हिडिओ पाहिले, पण मला हवं होतं ते या एका बोलण्यात मिळालं. मी सहा महिने फेकायचं शिकत होते. थांबवायचं कधी शिकलेच नव्हते.

६ मार्च

आमचा जिना शहाबादी फरशीचा. हात पाचव्या पायरीवर, पाय खाली जमिनीवर, अंग तिरकं. तिथून रेटून हात क्षणभर हवेत सोडायचे आणि परत टेकताना अंग झेलायचं. पायरी जितकी उंच तितका हातांवरचा भार कमी. सपाट जमिनीवर पुशअपच्या वरच्या टप्प्यात अंगाच्या वजनाचा साधारण ६५ ते ७० टक्के भार हातांवर असतो. माझं वजन ५८ किलो, म्हणजे सुमारे ४० किलो. तेही नुसतं स्थिर राहिलं असताना. हवेतून खाली येताना हातांना त्याहून खूप जास्त झेलावं लागतं. मागच्या वर्षी हा हिशेब मी केलाच नव्हता.

फरशीवर आधी जुनी चादर घातली, ती घसरते. मग रबरी मॅटचा तुकडा कापून बसवला.

नियम एकच ठेवलाय: हात टेकताना आवाज आला तर ती खेप धरायची नाही. सलग आठवडाभर आवाज न होता पाच-पाचच्या चार खेपा झाल्या, की एक पायरी खाली.

१९ मार्च

चौथी पायरी.

आता कळतंय की उतरताना हात म्हणजे नुसते खांब नव्हेत. आधी बोटं टेकतात, मग तळवा, त्याच क्षणी कोपरं वाकायला लागतात, आणि खांद्याची पाती भार घेतात. कोपरं अंगापासून ४५ अंशांच्या आसपास. फार फाकली तर खांद्याच्या पुढच्या भागात टोचतं. पोट आणि ढुंगण आवळलेलं नसेल तर कंबरेला झोळ पडतो आणि छातीआधी पोट खाली येतं.

उडी मारायची ताकदही याच झेलण्यातून येते. खाली येताना छातीचे आणि दंडाच्या मागचे स्नायू, त्यांच्या टोकाच्या कंडरा, ताणल्या जातात. तो ताण क्षणभरच टिकतो. त्या क्षणात उलट रेटलं तर साठलेली ताकद पुढच्या उडीत मिळते. तळाशी थांबलं की ती विरून जाते. मी आज मुद्दाम दोन्ही करून पाहिलं. तळाशी दोन सेकंद थांबून रेटलं तर हात जेमतेम सुटले. न थांबता रेटलं तर स्वच्छ वर.

आजोबा तालमीत जोर काढायचे. जोरांनी खांदे आणि पाठ मोकळी होते, म्हणून सुरुवातीला दहा जोर मी रोज काढते. पण जोर काढताना हात माती सोडत नाहीत. हे वेगळं काम आहे, त्याची सवय वेगळी लावावी लागते.

१२ एप्रिल

दुसरी पायरी. थकले तर थांबते. हे मला सगळ्यात अवघड गेलं. साधे पुशअप करताना शेवटचे दोन ओढून-ताणून काढायची सवय होती. इथं तसं केलं की वेग जातो आणि मागे फक्त आपटणं उरतं. म्हणून एका खेपेत चार-पाचच, मधे दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती, आणि आठवड्यातून दोनच दिवस. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो. कंडरांना रक्तपुरवठा कमी, त्यांना महिने लागतात. माझा दंड मागच्या जुलैतही तयारच होता, मनगट नव्हतं.

भाऊ सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, पेलणाऱ्या मानकऱ्यांसोबत असतो. संक्रांतीच्या आधी त्यांचा सराव चालतो. इतकी वर्षं मी ते बघत आले आणि मला त्यात फक्त भक्ती दिसली. त्या काठीचा भार कमरेवर, पावलांत कसा उतरवायचा हेही तिथं शिकवलं जातं, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. यंदा नीट बघणार आहे.

७ मे

उन्हाचा कडाका. पारा बेचाळीसच्या वर. रात्री अकरालाही गच्चीची फरशी तापलेली असते. पहाटे सव्वापाचला करते, तरी तळवे घामाने ओले होतात. घसरायला नको म्हणून दर खेपेला हात पुसते. पायरी तीच ठेवली. पहिल्या पायरीवर तीन आठवडे झाले. घाई नाही.

३० मे

जमीन. टाळी नाही, हात फक्त सुटायला हवेत.

फोनवर सेकंदाला २४० चित्रांचा संथ व्हिडिओ काढला आणि मोजला. हात सुटल्यापासून टेकेपर्यंत ४३ चित्रं, म्हणजे ०.१८ सेकंद. टाळीसाठी हात मधे आणून परत जागेवर न्यायला मला ६० तरी लागतील. हवेतला वेळ दुप्पट हवा असेल तर उंची चौपट लागते, त्यामुळे शेवटची थोडी चित्रं फार महाग पडतात. मी ती जमिनीवर हिसकावणार नाही. आठवडाभर पुन्हा पहिल्या पायरीवर टाळी मारेन, मग खाली.

२१ जून

पाच टाळ्या झाल्या. जमिनीवर, सुट्या सुट्या, प्रत्येक वेळी हात सावकाश उतरले. व्हिडिओत ६६ चित्रं.

रात्री एक पाऊस पडून गेला होता, जिन्यात मातीचा वास होता. शेवटच्या टाळीनंतर मी तशीच पालथी पडून राहिले. फरशी गार होती. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

अण्णांची बाज जिन्याखालच्या भिंतीला लागून आहे. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेलेत, पण बाजेवर पडलं की दणका पाठीला कळतो. मार्चपासून दर सरावानंतर ते मला सांगायचे, "आज तीनदा आपटलीस", "आज एकदाच". हिशेब त्यांचाही चालला होता. आज मी चहा घेऊन गेले तर ते उठून बसत म्हणाले, "आज सुट्टी घेतलीस होय?"

मी त्यांच्यासमोर जमिनीवर हात टेकले आणि एक करून दाखवला. ते वाकून माझ्या हातांकडेच बघत होते. मग माझं उजवं मनगट हातात घेऊन अंगठ्यानं सगळीकडं दाबून पाहिलं.

"दुखतंय?"

"नाही अण्णा."

"मग आता दोन टाळ्या?"

उद्या विश्रांती. परवा पहाटे दोन टाळ्यांसाठी परत तिसऱ्या पायरीवर.