हंफ्रेगंजला जाऊन आलो

अंदमानला जाणारा मराठी माणूस बहुतेक वेळा एका कोठडीसाठी जातो. मीही त्यातलाच. पुण्याहून निघालेल्या आमच्या ग्रुपच्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं: सेल्युलर जेल, दीड तास. मग जेवण, मग समुद्रकिनारा.

सर्वांत वरच्या मजल्यावर टोकाला सावरकरांची कोठडी. आमच्यातल्या एका काकूंनी दाराशी चपला काढल्या, मग सगळ्यांनीच काढल्या. काकूंनी तात्यारावांच्या कवितेची ओळ सुरू केली आणि दुसऱ्याच शब्दाला त्यांचा गळा दाटून आला. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. १९११ ते १९२१, दहा वर्षं. आणि त्याच तुरुंगात सख्खा थोरला भाऊ बाबाराव.

गर्दी ओसरेपर्यंत मी शेजारच्या रिकाम्या कोठडीची कडी बघत बसलो. दाराचा अडसर बराच लांब आहे आणि कुलूप लागतं ते बाजूच्या भिंतीतल्या कोनाड्यात. मी आत उभा राहून गजांतून हात घातला. खांद्यापर्यंत हात बाहेर काढूनही बोटं कोनाड्याला पोचेनात. कुणीतरी कागदावर आखून, मोजून हे अंतर ठरवलं असणार.

इथपर्यंत सगळं ओळखीचं होतं. कोलू, रोजचं तीस पौंड तेल, जेलर बारी, हे आपण शाळेपासून ऐकतो. राजबंदी १९३८ पर्यंत मायदेशी परतले, तिथे आपली गोष्ट संपते. तुरुंगाची मात्र संपत नाही.

२३ मार्च १९४२ला जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरलं. ब्रिटिश फौज आधीच निघून गेली होती. आपले लोक घाबरले होते, तसे खूशही होते, आशियातलाच माणूस गोऱ्याला हाकलतोय म्हणून. इंडियन इंडिपेंडन्स लीग, म्हणजे देशाबाहेरून स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या भारतीयांची संघटना. तिची स्थानिक शाखा निघाली आणि तिचे प्रमुख होते डॉ. दिवाण सिंग. पेशानं डॉक्टर, शिवाय पंजाबीत मुक्तछंद लिहिणारे कवी. पुढे मित्रराष्ट्रांकडून जपानी जहाजं बुडू लागली आणि बातमी बाहेर कशी जाते, याचा शोध सुरू झाला. बातमी जात होती जंगलातून. जानेवारी १९४३मध्ये एक छोटी ब्रिटिश तुकडी पाणबुडीतून गुपचूप उतरली होती, आणि तिचा म्होरक्या मॅकार्थी म्हणजे इथलाच जुना पोलीस अधिकारी. जंगलात लपलेले ते सापडले नाहीत. पकडले गेले ते गावातले डॉक्टर, पोलीस, कारकून. आणि त्यांना ठेवलं कुठे? ज्याच्या अंगणात आम्ही ग्रुप फोटो काढत होतो, तिथेच.

दिवाण सिंगांना ऑक्टोबर १९४३मध्ये धरलं. ८२ दिवस छळ झाला. केसांनी छताला टांगलं, नखं उपटली, असं नंतर सांगितलं गेलं. १४ जानेवारी १९४४ला ते गेले. मला अस्वस्थ करतं ते मधलं एक पान. २९ डिसेंबर १९४३ला नेताजी पोर्ट ब्लेअरला आले, दुसऱ्या दिवशी जिमखाना मैदानावर तिरंगा फडकवला, तुरुंगही पाहिला. ज्या लीगचे ते सर्वोच्च नेते, त्या लीगची माणसं तेव्हा याच भिंतींआड होती. जपानी यजमानांनी ती दाखवली नाहीत. नेताजींच्या फोटोला रोज नमस्कार करणाऱ्या माझ्या आजोबांना हे कसं सांगितलं असतं, मला सुचत नाही. दोष नेताजींचा नाही असंच मला वाटतं. तरी ते पान उलटून पुढे जाता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रुप बोटीनं दुसऱ्या बेटावर गेला. मी डोकं दुखतंय म्हणून मागे राहिलो आणि टॅक्सी केली. ड्रायव्हर बंगाली, जन्म इथलाच. हंफ्रेगंज म्हटल्यावर त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. ‘वहाँ कोई टूरिस्ट नहीं जाता, दादा.’

वांडूरच्या वाटेवरचं साधं गाव. सुपारीच्या बागा, दोरीवर वाळणारे शाळेचे गणवेश, एका ओट्यावर वाटीत तांदूळ निवडणारी बाई. ३० जानेवारी १९४४ला इथे हेर ठरवून ४४ जणांना गोळ्या घातल्या. नेताजी परत जाऊन महिनाही झाला नव्हता. आता तिथे बलिदान वेदी आहे. तिकीट नाही, रांग नाही, लाइट अँड साउंड शो नाही.

चपला काढाव्यात की नाही, मला कळेना. काल कुणीतरी आधी काढल्या होत्या. शेवटी काढल्या. फरशी उन्हानं इतकी तापली होती की पाय ठरेना, मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत उभा. ड्रायव्हर लांबून बघत होता. मग तोही आला, चपला काढल्या आणि माझ्या शेजारी तसाच नाचू लागला. आम्ही दोघंही हसलो, आणि लगेच गप्प झालो.

परतताना त्यानं विचारलं, ‘आपका कोई था इसमें?’

‘नहीं,’ म्हटलं.

आबर्डीन बाजारात दिवाण सिंगांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. तिथे उतरवायला सांगितलं.