अठरा मुलं आणि एक शिट्टी

मुलीला खेळगटात घातलं, तेव्हा तिथल्या मोठ्या ताईंनी जाता जाता विचारलं, “आठवड्याला एक तास द्याल का? माणसं कमी पडतायत.” मी हो म्हणून बसले. त्या एका तासासाठी घरी तीन तास कात्री चालवावी लागते, हे त्यांनी हुशारीनं सांगितलं नव्हतं.

आधी कागदपत्रं. अर्ज, दोघांची शिफारसपत्रं (नातेवाईक चालत नाहीत), पोलीस पडताळणी. दोन महिने गेले. फुकट काम करायला निघालेय आणि वर माझीच चौकशी, म्हणून मी घरी चिडचिडही केली. पण मुलीला तिथे सोडून मी निर्धास्त निघून येत होते, ती कशाच्या जिवावर?

प्रशिक्षणातलं बरंचसं विसरले. दोन गोष्टी राहिल्या. एक, मुलासोबत बंद दाराआड एकटं थांबायचं नाही; दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात हवंच. दुसरी, सहा-सहाच्या टोळ्या करायच्या. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९१६ मध्ये स्काउटमधल्या धाकट्यांसाठी ‘कब’ शाखा सुरू केली, तिच्यातली ही जुनी पद्धत. सहाच का, ते मला गटात उभी राहिल्यावर कळलं. सहा चेहरे एका नजरेत मावतात. सातवा निसटतो आणि तो नेमका डिंकाच्या बाटलीपाशी सापडतो.

पहिल्या दिवशी कागदी मुखवटे करायचे ठरवले होते. चाळीस मिनिटांचा बेत बारा मिनिटांत आटोपला. दोघांनी मुखवटा फाडला, एकीनं तो बुटाला चिकटवला, आणि बाकीचे “ताई, आता काय?” म्हणत माझ्याभोवती. मी गळ्यातली नवी कोरी शिट्टी फुंकली. झालं! अठराच्या अठरा जण शिट्टीचा आवाज काढत पळत सुटले.

मोठ्या ताई कोपऱ्यातून उठल्या, एक हात वर केला आणि नुसत्या उभ्या राहिल्या. तोंडातून शब्द नाही. एका मुलीनं पाहिलं, तिनं हात वर केला. मग तिच्या शेजारच्यानं. अर्ध्या मिनिटात खोली शांत! शिट्टी तेव्हापासून कपाटात आहे. आता मी दर वेळी तीन जादा खेळ तयार ठेवते, साहित्याशिवाय खेळता येतील असे.

खरं काम म्हणजे मोजणं. आल्यावर, मैदानात जाताना, परतताना, पालकांच्या हाती देताना. तिसऱ्या आठवड्यात मैदानातून परतताना मोजले, तर सतराच. पुन्हा मोजले. सतराच. पोटात गोळा आला. फाटकाकडे धावणार, तोच मागून कुणीतरी कुर्ता ओढला. काखेत कळसा नि गावाला वळसा! अठरावा माझ्या पाठीमागेच उभा होता, सुटलेली नाडी हातात धरून.

“ताई, केव्हाचं सांगतोय, बांधून द्या ना.”