गरीला लागलेला मासा मोजायचा कसा?

किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीचा अंदाज केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदरांवर नमुने घेऊन काढते. सुट्टीच्या दिवशी खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकावर, उभे राहून गरीने (गळाने) मासे धरणाऱ्या हौशी माणसाची तांबोशी किंवा गोबरा मात्र त्या अंदाजाबाहेर राहतो, कारण तो ना बंदरावर येतो, ना लिलावात. तो दिसतो फक्त यूट्यूबवर, आणि म्हणूनच कोकणातले गरीचे व्हिडिओ मी गेली काही वर्षे आवडीने आणि थोड्या काळजीनेही पाहतो आहे.

असे व्हिडिओ अभ्यासाला उपयोगी पडतात, हे इटलीत दिसून आले आहे. संशोधकांनी डेंटेक्स या भूमध्य समुद्रातील माशाच्या शिकारीचे तेथील यूट्यूब व्हिडिओ तपासून 2020 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गळाने धरलेले मासे पाण्याखाली भाल्याने टिपलेल्या माशांपेक्षा वजनाने मोठे होते, आणि गळाची शिकार वसंताच्या अखेरीस वाढत होती, तर भाल्याच्या शिकारीत असा हंगाम आढळला नाही. डेंटेक्सची वीणही वसंतातच होते आणि हा मासा धोक्यातील प्रजातींच्या जागतिक यादीत असुरक्षित मानला गेला आहे, त्यामुळे कोणत्या महिन्यात, कोणत्या साधनाने आणि किती मोठा मासा उचलला जातो, हे कळणे तेथे मोलाचे आहे.

तरीही व्हिडिओंवरून एकूण किती मासे धरले गेले, हे ठरवणे मला चुकीचे वाटते. दिवसभर गरी टाकून काहीच न लागलेल्या माणसाचा व्हिडिओ सहसा येत नाही, मासा लागला तो दिवस आणि व्हिडिओ टाकला तो दिवस वेगळे असू शकतात, आणि हात लांब करून कॅमेऱ्यापुढे धरलेला मासा आहे त्याहून मोठा दिसतो. आकाराचा प्रश्न आपल्याकडे अधिकच महत्त्वाचा आहे. जिताडा हा खाडीतला मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो; म्हणजे ज्या अवाढव्य जिताड्यासाठी प्रेक्षक टाळ्या वाजवतात, ती बहुधा खाडीत पुढची पिढी घालणारी मादी असते. गोबऱ्यात हा क्रम उलटा असून सर्वांत मोठे मासे नर असतात. दोन्हीकडे मोठे मासेच सतत उचलले गेले, तर विणीचा समतोल ढळतो, आणि 1 जून ते 31 जुलै या काळातील यांत्रिक नौकांवरची मासेमारीबंदी खडपावरच्या गरीला लागू होत नाही.

म्हणून व्हिडिओ करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की मासा पट्टीशेजारी ठेवून दाखवावा, धरल्याचा महिना बोलून सांगावा, तो सोडला की घरी नेला हे लपवू नये आणि रिकाम्या हाताने परतलेला दिवसही टाकावा. खाडीचे किंवा खडपाचे नाव मात्र सांगू नये, कारण अभ्यासकाला तालुका कळला तरी काम भागते, पण नाव फुटले की त्याच जागी पुढच्या रविवारी गर्दी होते.