आमची वाटचाल : तिसऱ्या धुण्याचं पाणी

टिळकवाडीत घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या, एवढीच आमची लॅब, अकरा वर्षं झाली. मी आणि बायको दोघंही बायोकेमिस्ट्रीवाले, पुण्यात नोकरीला होतो, आईबाबांचं वय झालं म्हणून बेळगावला परत आलो आणि ठरवलं की शुगर-कोलेस्टेरॉलच्या लॅबा गल्लोगल्ली आहेत, आपण प्रोटीन कार्बोनिलची टेस्ट करूया. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (शरीरात ऑक्सिजनच्या घातक रेणूंचा मारा) वाढला की प्रोटीनवर कार्बोनिल गट तयार होतात आणि ते बऱ्यापैकी टिकतात, म्हणून मोजता येतात. डायबेटिस, किडनी, तंबाखू यावर थिसिस करणारी पोरं हेच आमचं गिऱ्हाईक, निपाणी, चिकोडी, खानापूरपासून कोल्हापूरपर्यंतची.

पद्धत जुनीच, डीएनपीएचची, म्हणजे कार्बोनिलला चिकटणाऱ्या पिवळ्या रसायनाची. सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर सुटतं ते पाणी) डीएनपीएच घालायचं, तासभर अंधारात ठेवायचं (आम्ही ट्यूबांना फॉइल गुंडाळतो), टीसीए या ॲसिडनं प्रोटीन खाली बसवायचं, मग इथेनॉल आणि इथाइल ॲसिटेट निम्मंनिम्मं घेऊन तीन वेळा धुवायचं, गोळा ग्वानिडिनमध्ये विरघळवायचा आणि 370 नॅनोमीटरला रीडिंग. 22,000 हा प्रकाश शोषण्याचा गुणांक धरून कार्बोनिल काढायचं आणि प्रोटीनच्या मिलिग्रॅमनं भागायचं. सांगायला सोपं आहे पण सगळा खेळ त्या धुण्यात आहे.

पहिल्याच वर्षी आम्ही तिथं चुकलो. सॅम्पल जास्त होते, घाई होती, दोनदाच धुतलं. रिपोर्ट गेले, आणि नंतर त्यातलंच एक सॅम्पल सहज परत लावलं तर आकडा जवळजवळ निम्मा आला! ब्लँकमध्ये, म्हणजे तुलनेच्या ट्यूबमध्ये, सीरमवर नुसतं ॲसिड असतं, डीएनपीएच नसतंच, त्यामुळे तिकडनं काही कळलं नव्हतं. मग एक जादा धुणं करून बायकोनं वरचं पाणी उजेडात धरलं तर ते अजून पिवळं, म्हणजे सुटं डीएनपीएच आत राहिलं होतं आणि आपण तेच कार्बोनिल म्हणून मोजत होतो. ज्या थिसिसवाल्या मुलीचे ते सॅम्पल होते तिला फोन केला, सगळे रिपोर्ट परत घेतले, फ्रीजरमध्ये राखून ठेवलेल्या सॅम्पलवर फुकट परत केलं. त्या दिवसापासनं वरचं पाणी साफ बिनरंगाचं दिसल्याशिवाय आम्ही पुढं जात नाही, चार वेळा धुवायला लागलं तरी चालेल, फक्त गोळा निसटू द्यायचा नाही, तो ट्यूबच्या कडेला चिकटतो आणि ओतताना जातो.

दुसरा त्रास गुलाबी सीरमचा. रक्तपेशी फुटल्या की हिमोग्लोबिन त्याच 370 च्या आसपास प्रकाश शोषतं, आकडा फुगतो, असे सॅम्पल आम्ही सरळ परत पाठवतो, पोरं नाराज होतात तरीही. पेशंटला हातात द्यायचा रिपोर्ट म्हणूनसुद्धा आम्ही हे करत नाही, कितीही पैसे देऊ केले तरी, कारण एका माणसाच्या एका आकड्यावरनं रोग सांगता येत नाही.

सॅम्पल पाठवणाऱ्यांनी सीरम वेगळं काढूनच पाठवा, छोट्या ट्यूबांत, भरपूर बर्फात, आणि शनिवारी संध्याकाळच्या बसनं नको, रविवारी घ्यायला कोणी नसतं.