तुम्ही विचारलंत म्हणून: देवाचा राग येत नाही का?

गेली सहा वर्षं हा प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतो. कुणी आडून विचारतं, कुणी जरा खवचटपणे. "एवढं सगळं झालं, तरी तुम्ही देवाची कृपा म्हणता. कुठली कृपा? मिस्टर तर अजून बोलत नाहीत."

परवा तुम्हीही विचारलंत. तर, राग येतो. पुष्कळ येतो.

यांच्या मेंदूत डाव्या बाजूला गुठळी अडकली. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढू लागला आणि वाचा गेली. समोरच्याचं बरंचसं समजायचं, पण बोलायला शब्द सापडायचा नाही. याला अफेजिया म्हणतात हे तेव्हा कळलं. जन्मभर वर्गात शिकवलेल्या माणसाजवळ एकच शब्द उरला होता: "उद्या". पाणी हवं असेल तर उद्या, उशी सरळ करायची तर उद्या, मला हाक मारायची तरी उद्याच.

भेटायला येणारे धीर द्यायचे. "जीव वाचला, हीच मोठी कृपा!" हे वाक्य मला फार झोंबायचं. शेजारच्या खाटेवरचा माणूस तिसऱ्या दिवशी गेला होता. त्याची बायको माझ्याइतकीच, कदाचित जास्तच, देवाला आळवत होती. मग तिच्या वाट्याची कृपा कुठे अडली? याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. म्हणून कोण वाचलं आणि कोण गेलं या हिशेबात मी तो शब्द घालतच नाही.

त्या दिवसांत मला बायबलमधल्या ईयोबाचे, सगळं गमावून बसलेल्या त्या माणसाचे, तीन मित्र सारखे आठवायचे. ते आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. तोवर त्यांच्यासारखे मित्र नाहीत! मग तोंड उघडलं, आणि अध्यायच्या अध्याय त्याला त्याच्या दुःखाचं कारण समजावत बसले. शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावर: माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला. आणि ईयोब तर सगळा वेळ देवाशी भांडत होता. हे वाचलं आणि छातीवरचं काहीतरी उतरलं. म्हणजे भांडायला मुभा होती. बायबलमधलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्रही तसंच. गाऱ्हाण्याची इतर स्तोत्रं बहुधा कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' आहे. तरी ते कुणी वगळलं नाही. कित्येक महिने मी तेवढंच वाचत होते. दुसरं वाचवत नव्हतं.

प्रार्थना मात्र जमेना. डोळे मिटले की औषधांच्या वेळा दिसायच्या.

एका संध्याकाळी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक वयस्क बाई आल्या. उपदेश नाही, चौकशी नाही. यांच्या उशाशी बसल्या आणि येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणू लागल्या. मी पाठमोरी, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. दुसऱ्या ओळीला त्यांच्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला. जाड, घोगरा, पण शब्द पूर्ण. "तुझे नाव पवित्र मानले जावो." हातातला टॉवेल अर्धवट दुमडलेला तसाच राहिला. आमेनपर्यंत हे म्हणत गेले. मी धावत जाऊन विचारलं, "माझं नाव सांगा बघू!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ जुळवले आणि म्हणाले, "उद्या."

वाचा-उपचार करणाऱ्या मुलीने नंतर समजावलं, की पाढे, आकडे, गाणी, तोंडपाठ प्रार्थना, झालंच तर शिव्या, या नेहमीच्या बोलण्याच्या वाटेने येत नाहीत. म्हणून वाचा गेली तरी पुष्कळदा त्या शाबूत राहतात. (शिव्यांचा अनुभव पुढे आला. तो इथे नको.) तेव्हा चमत्कार वगैरे काही नव्हता. पण मला जी प्रार्थना म्हणवत नव्हती, ती ज्याची वाचा गेली त्याने माझ्यासमोर म्हटली. मेंदूची वाट कळल्याने त्यातलं काही कमी झालं असं मला वाटलं नाही.

येशूचा प्रेषित पौल, त्याच्या शरीरात काटा होता, म्हणजे काहीतरी न सुटणारं दुखणं. तो काढ म्हणून त्याने देवाला तीनदा विनवलं. काटा राहिला, उत्तर मिळालं की कृपा पुरे आहे. मला ही टोलवाटोलवी वाटायची, काही दिवशी अजूनही वाटते. पण शब्द 'पुरे' आहे, 'भरपूर' नव्हे. रानात इस्राएल लोकांना देवाकडून रोज मिळणारं अन्न, मान्ना, असंच होतं, सकाळपर्यंत ठेवलं की किडे पडायचे. माझंही तसंच चालतं. सोमवारी न चिडता त्यांचं अंग पुसलं, म्हणून मंगळवारची सोय होत नाही. मंगळवारी पुन्हा मागावं लागतं, आणि बहुतेकदा तेवढ्यापुरतं मिळतं. मिळालं नाही त्या दिवशी मी भांडी आपटते.

हल्ली रात्री आम्ही दोघं मिळून म्हणतो. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." यातला 'आज' ते अगदी स्वच्छ म्हणतात. दिवसभरात तो शब्द तेवढाच. मग मी विचारते, "दिवा घालवू?"

"उद्या," म्हणतात, आणि डाव्या हाताने बटणाकडे बोट करतात.