पाच लाखांच्या अल्याड-पल्याड

अकरावीला लिमिटचा धडा (क्ष एखाद्या बिंदूच्या जवळजवळ जाताना फंक्शनची किंमत कशाच्या जवळ जाते, ते काढायचं) सुरू होतो तेव्हा पोरं खूश असतात. अवयव पाडा, वरखाली काटा, किंमत घाला, उत्तर तयार. गाडी अडते ती तुकड्यांत दिलेल्या, म्हणजे क्षच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत वेगळं सूत्र असलेल्या, फंक्शनपाशी. मग शिकवणीत ठरलेला प्रश्न येतो, "मॅडम, किंमत घातली की उत्तर येतंय, मग डावीकडून-उजवीकडून असं दोनदा कशाला?"

यंदा मी पुस्तकातली गणितं बाजूला ठेवली आणि फळ्यावर आयकर लिहिला. तुकड्यांतलं याहून अस्सल फंक्शन घरोघरी दुसरं नाही.

आधी जुनी करप्रणाली, माणूस साठीच्या आतला. अडीच लाखांपर्यंत काही नाही, पुढे पाच लाखांपर्यंत ५ टक्के, त्यापुढे दहा लाखांपर्यंत २० टक्के. शिवाय कलम ८७ए ची सूट: करपात्र उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १२,५०० पर्यंतचा कर माफ. सेस (करावर लागणारा उपकर) तूर्त विसरा. म्हणजे पाच लाखांच्या आसपास क्ष उत्पन्नावरचा कर असा:

क्ष ≤ ५,००,००० असताना: ०
क्ष > ५,००,००० असताना: १२,५०० + ०.२ (क्ष − ५,००,०००)

डावीकडून या, वरची ओळ लागू, लिमिट ०. उजवीकडून या, खालची ओळ लागू, कंस शून्याकडे जातो, लिमिट १२,५००. दोन्ही वेगळ्या, म्हणून पाच लाखांवर लिमिटच नाही. पण कर मात्र आहे! नेमके पाच लाख मिळवणाऱ्याला शून्य कर, त्यात काही संदिग्ध नाही. "किंमत घातली की उत्तर येतं" याचं उत्तर हे. येतं, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं असतं.

मग मी बरोबरचं चिन्ह वरच्या ओळीतून पुसून खालच्या ओळीत नेलं. आता पाच लाखांवर कर १२,५०० झाला. लिमिटा? डावी शून्यच, उजवी १२,५०० च. हे मला परीक्षेच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं वाटतं. मुलं बरोबरचं चिन्ह ज्या ओळीत दिसेल तिकडेच धावतात. डावी लिमिट काढताना बघायचं ते एवढंच, की बिंदूच्या लगेच डावीकडे कोणतं सूत्र चालू आहे. 'क्ष = ३ असताना' अशी वेगळी ओळ दिलेली असली तरी लिमिट काढताना तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. ती सांतत्य, म्हणजे आलेख तिथे न तुटता सलग जातो का, ते तपासताना लागते.

नव्या प्रणालीत गंमत वेगळी. २०२५-२६ साठी बारा लाखांपर्यंत कर नाही (पगारदारांच्या तोंडी पावणेतेरा असतं, ते ७५,००० च्या स्टँडर्ड डिडक्शनमुळे). स्लॅबप्रमाणे बारा लाखांवर कर होतो ६०,०००, तोही माफ. तेवढंच असतं तर एक रुपया जास्त मिळवणाऱ्याला साठ हजारांचा फटका बसला असता. म्हणून मार्जिनल रिलीफ आहे: बारा लाखांच्या वर जितकं उत्पन्न, त्याहून जास्त कर नाही. म्हणजे लगेच उजवीकडचं सूत्र क्ष − १२,००,०००, आणि त्याची उजवी लिमिट शून्य. डावी शून्य, किंमत शून्य. सांधा जुळला. जुन्या प्रणालीतल्या पाच लाखांना हा रिलीफ नाही, हे मला अजूनही अन्यायाचंच वाटतं.

रिलीफ संपतो कुठे, ते मुलांनीच काढलं. बारा लाखांवरचं उत्पन्न य धरा: य = ६०,००० + ०.१५ य. म्हणजे य साधारण ७०,५८८. तिथेही दोन्हीकडून एकच कर येतो, फक्त आलेख एकदम आडवा कलतो: आधी दर जास्तीच्या रुपयामागे रुपया, नंतर पंधरा पैसे. त्या कोपऱ्याशी डिफरन्शिएशनच्या वेळी परत गाठ आहे.

एका मुलीने मात्र मला पकडलंच. तिचे वडील लोकांची रिटर्न भरून देतात. म्हणाली, "मॅडम, उत्पन्न दहाच्या पटीत राउंड करतात. शेवटचा आकडा पाच किंवा जास्त असला तर वर, नाहीतर खाली. म्हणजे ५,००,००४ वाल्यालाही कर शून्यच." बरोबर आहे. उडी पाच लाखांवर नाहीच, ५,००,००५ वर आहे. तिथल्या दोन्ही लिमिटा आता तिनेच फळ्यावर काढून दाखवायच्या आहेत, सेससकट.