एकोणपन्नास आणि पन्नास

रविवार, रात्री साडेअकरा

अंमळनेरात मे महिन्यात रात्री अकरा वाजतासुद्धा गच्ची पायाला चटका देते. चटई टाकून बेस गिटार मांडीवर घेऊन बसलोय, वायर न जोडता. खाली माय झोपली असेल, म्हणून.

आज आमच्या बँडच्या प्रॅक्टिसला ठरलं, सगळी गाणी खाली उतरवायची. कलेबिलेचं काही कारण नाही. आमच्या गायकाचा आवाज वरच्या पट्टीत फाटतो आणि तो गुटखा सोडणार नाही, एवढंच. गिटारवाल्याने तर आम्हाला न विचारता आठवडाभर आधीच आपली गिटार ड्रॉप सी या खालच्या पट्टीत लावून ठेवली होती. म्हणतो, जड वाटतं. वाटतं खरं. त्या पट्टीतला एक रिफ, म्हणजे फिरून फिरून येणारा तुकडा, त्याने वाजवला तर गोडाऊनचं पत्र्याचं दार आपणहून कुरकुरलं.

माझ्या बेसला चारच तारा. ई, ए, डी, जी, ज्या सुरात लावायच्या त्यांची नावं. सगळ्यात जाड ई, सेकंदाला ४१.२ कंपनं. ड्रॉप सी म्हणजे ही ई चार अर्धस्वर उतरून ३२.७ वर, आणि बाकीच्या तिघी दोन-दोन अर्धस्वर उतरून जी, सी, एफ. मी तिथल्या तिथे खुंट्या उलट्या फिरवल्या. दोन मिनिटांचं काम, असं वाटलं. पहिलाच ठोका मारला आणि तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्टीवर, अशी आपटली की ड्रमरने काठ्या थांबवून विचारलं, "काही तुटलं का?"

तुटलं काहीच नव्हतं. कपडे वाळत घालायच्या दोरीवर रॉक वाजवत होतो, बस.

हिशेब घरी आल्यावर केला, जो आधी करायला हवा होता. तारेची लांबी आणि वजन तेच ठेवलं तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. ४१.२ वरून ३२.७ म्हणजे ताण ६३ टक्क्यांवर आला. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ताण गेला. अशा तारेवर जोर काढला की सूर आधी वर उसळतो आणि मग हळूहळू जागेवर येतो. म्हणजे प्रत्येक ठोका बेसूर निघतो आणि सुरात येईपर्यंत पुढच्या ठोक्याची वेळ झालेली असते.

गिटारवाला म्हणाला, ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याने नाही का तारा सैल केल्या? केल्या. बर्मिंगहॅमच्या पत्रा कारखान्यात १९६५ साली, सतराव्या वर्षी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिकेची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे तोच त्याचा तारा दाबायचा हात. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, पातळ तारा लावल्या, पुढे त्या सैल केल्या आणि १९७१ पर्यंत सी शार्पवर आला. बँडचा बेसवाला गीझर बटलर त्याच्याबरोबर खाली उतरला. त्या माणसाला सैल तार हवी होती कारण बोटं दुखत होती. माझी दहाही बोटं शाबूत आहेत, मी कुठल्या तोंडाने सैल तारेचं समर्थन करू?

(प्रताप मिलवरून जाताना मला बर्मिंगहॅम आठवतं, मी ते कधी पाहिलेलं नसलं तरी. मिलच्या गावातल्या पोरांना हा आवाज लवकर पटत असावा. आमच्या चौघांपैकी तिघांचे आजोबा मिलमध्ये होते.)

लांबी वाढवता येत नाही, ती ३४ इंच ठरलेली. ताण घालवायचा नाही. उरतं वजन. जाड तार हवी.

गुरुवार

तार मिळवणं हेच अर्धं काम. जळगावला दुकानात ढोलकीच्या पुड्या, हार्मोनियम, गिटारच्या तारा, सगळं मांडलेलं, बेसची तार मागितली तर पोरगा आत जाऊन आला आणि म्हणाला, "सहा तारांची नाही का चालणार?" शेवटी बाहेरून मागवली. सुटी एक तार मिळाली नाही, पाच तारांच्या बेसचा अख्खा सेट घ्यावा लागला. ४५, ६५, ८५, १०५, १३०. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात, म्हणजे १३० ची तार ३.३ मिलिमीटर जाड. माझी जुनी ई होती १०५ ची, २.६७ मिलिमीटरची. आकड्यात फरक किरकोळ. हातात घेतल्यावर ती विहिरीच्या मोटरचा दोर वाटते.

मग मी शहाणपणा केला. कुठेतरी ऐकलं होतं की चार तारांचा बेस खाली न्यायचा तर पाचाच्या सेटमधली सगळ्यात पातळ बाजूला ठेवायची आणि खालच्या चार चढवायच्या. चढवल्या. १३० सी ला आली, झकास. १०५ जी पर्यंत चढवताना खुंटी फिरेना. तिने जी गाठला, पण बोटाने दाबवेना, आणि डोळ्यासमोर मान पुढे वाकायला लागली.

चूक माझीच. ती युक्ती बी, ई, ए, डी अशा लावणीसाठी आहे, तिथे १०५ ची तार आपल्या नेहमीच्या ई वरच बसते. मी तिला ई ऐवजी जी ला नेत होतो, तीन अर्धस्वर वर, म्हणजे ताण ४१ टक्के जास्त. ड्रॉप सी मध्ये फक्त तळाची तार एवढी खाली जाते, बाकीच्या दोनच अर्धस्वर. म्हणजे तळाला १३०, आणि वर नेहमीच्याच ८५, ६५, ४५.

पण तारा कापून बसलो होतो! घाम फुटला. मग लक्षात आलं, खुंट्या एका रांगेत आहेत आणि जाड तारेची खुंटी नटाच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या, सगळ्यात जवळ. ८५ ची तार मी एक घर पलीकडच्या खुंटीसाठी कापली होती. अलीकडच्या खुंटीवर आणली तर ती लांबच पडणार होती, आखूड नाही. तसंच ६५ चं. ४५ तर पाकिटातच होती. वाचलो. खुंटीवर एक वेटोळं जास्त बसलंय, ते कोण बघतंय?

वरच्या तिन्ही तारांचा ताण आता ७९ टक्क्यांवर आणि तळाची जवळपास जुन्या ई इतकीच ताठ. त्यामुळे एका तारेवरून दुसरीवर येताना हाताला पायरी लागते, जिन्याची एक पायरी चुकीच्या उंचीची असावी तशी. सवय होईल.

शुक्रवार

१३० ची तार नटाच्या खाचेत बसतच नव्हती, वरच तरंगत होती. कानस हवी. गल्लीतल्या सोनाराकडे गेलो. त्याने बेस आडवा धरून पाहिला, नटावर नख आपटून "प्लॅस्टिक शे" असं तुच्छतेने म्हणाला आणि बारीक गोल कानस दिली. देताना एकच सांगितलं, रुंद कर, खोल करू नकोस. घासलेलं परत येत नाही. कानस खुंट्यांच्या बाजूला किंचित कलती धरली, आजूबाजूला चिकटपट्टी लावली, चार वेळा घासायचं आणि तार ठेवून बघायची. पाऊण तास गेला. कानस परत द्यायला गेलो तर पैसे घेतले नाहीत, गाणं कोणतं तेवढं विचारलं. सांगून त्याला काय कळणार, असं मनात आलं आणि लगेच माझीच लाज वाटली. सांगितलं. त्याने मान हलवली.

शनिवार, दुपार

बाहेर ४४ अंश. कूलर बेसच्या तोंडावर नाही सोडलेला, लाकूड फुगेल.

एकूण ताण कमी झाला म्हणून मान रात्रीत मागे गेली होती, पहिल्या चार फ्रेटवर तार खरखरत होती. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतला धातूचा दांडा, पाव वळण सैल केला, ॲलन कीने, आणि हात मागे घेतला. इथे घाई केली की पस्तावायला होतं. तीन तासांनी पुन्हा पाहिलं, खरखर गेली.

बाराव्या फ्रेटचं काम राहिलं होतं. तिथे तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि दाबून निघणारा सूर एकच हवा. जाड तारेचा दाबलेला सूर वर जात होता, म्हणजे ब्रिजवरचा सॅडल, तार खालच्या टोकाला ज्यावर टेकते तो, मागे घ्यायचा. घेतला, घेतला, आणि स्प्रिंग पूर्ण दबून स्क्रू अडला. स्प्रिंग काढून अर्धी कापली. आता बसलाय.

मोबाइलच्या ट्यूनरला खालचा सी ऐकूच येत नाही, तो कधी जी दाखवतो, कधी काहीच नाही. त्यावर उपाय हाच, बाराव्या फ्रेटचा स्पर्शसूर ऐकवायचा, तो दुप्पट म्हणजे ६५.४ ला असतो. आणि लावताना नेहमी सुराच्या खाली जाऊन वर यायचं. वरून खाली आलो तर खुंटीच्या दात्यांत ढील राहते आणि दोन गाण्यांत तार उतरते.

एक गंमत. रेकॉर्डिंग मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं. त्या नखाएवढ्या स्पीकरातून ३२.७ निघणं शक्यच नाही, तरी कानाला सी च ऐकू येतो. वरचे गुणक सूर ऐकून मेंदू तळाचा सूर स्वतःच भरून काढतो. एवढा दोर चढवला, खाच घासली, आणि मोबाइलवर ऐकणाऱ्याला शेवटी सी ची आठवणच ऐकू येणार.

रविवार, रात्र

आज घरीच ॲम्पला जोडला. तळाची तार सुरेख. हात हलका ठेवून, पिक ब्रिजकडे सरकवून वाजवलं तर एकेक सूर चिरा बसवावा तसा बसतो. पण तिसरी तार, म्हणजे जी, थरथरत होती. मोकळी सोडली की आवाज फुगायचा, ओसरायचा, फुगायचा, ओसरायचा. ट्यूनर म्हणे अगदी बरोबर. तार खराब निघाली असं धरून मी तिला दोनदा उतरवून चढवली. दुकानाला शिव्याही घातल्या.

माय दारात येऊन म्हणाली, "म्हईस हंबरी ऱ्हायनी का रे?" आणि निघून गेली. आप्पा मात्र थांबले.

आप्पा वायरमन होते, आता रिटायर. गाण्यातलं त्यांना काही गम्य नाही, भजनातही झांज चुकते. ते खुर्ची ओढून ॲम्पजवळ बसले, मला म्हणाले हात काढ. हात काढला. ॲम्पची नेहमीची घूं सुरू होती, जिच्याकडे आम्ही कोणी लक्षच देत नाही. तार छेडायला लावली. थरथर. पुन्हा हात काढ. मग म्हणाले, "तार नही रे भाऊ, लाईन शे हाई."

मला एक क्षण कळेना, आणि मग एकदम कळलं. लाईन ५० हर्ट्झची. माझा नवा जी ४९ चा. दोन आवाज एकमेकांत मिसळून सेकंदाला एक हेलकावा देत होते. घड्याळ लावून मोजलं, साठ सेकंदांत जवळजवळ साठ. आधीचा ए ५५ चा होता, लाईनपासून लांब, म्हणून इतकी वर्षं ही घूं नुसती मागे पडून होती. मी सूर खाली आणला आणि थेट विजेच्या शेजारी जाऊन बसलो.

"अर्थिंगले पानी कव्हय टाकं व्हतं?" आप्पांनी विचारलं. कोणीच टाकलं नव्हतं. बॅटरी घेऊन मागच्या अंगणात गेलो. आपली काळी जमीन मे महिन्यात कशी फाटते माहीतच आहे. अर्थिंगच्या खड्ड्याभोवती माझी बोटं जातील एवढी भेग होती. माती आटून पाइपला सोडून उभी. जमीन कोरडी की अर्थिंग नावालाच. आप्पांनी दोन बादल्या पाणी ओतायला लावलं, वरून मीठ, मग आणखी एक बादली. पाणी भेगेत किती वेळ गडगडत गेलं. ते उकिडवे बसून ऐकत होते. एवढं कान देऊन त्यांनी माझं एकही गाणं ऐकलेलं नाही.

घूं पूर्ण गेली नाही, पण निम्म्याहून कमी झाली. उरलेली पिकअपची, म्हणजे तारांखालच्या चुंबकांची, तिच्यासाठी बेस ॲम्पकडे तोंड न करता आडवा धरायचा.

मी म्हटलं, आप्पा, अजून थोडी हलतेय.

म्हणाले, "मंग तूच पन्नासवर ये ना."

हसलो, पण खोलीत येऊन हिशेब केलाच. जी ४९ वरून ५० वर न्यायचा तर अर्धस्वराचा तिसरा हिस्साच वर चढायचं. मग नेहमीचा ४४० चा ए ४४९ च्या आसपास जातो. गिटारवाल्याला मेसेज टाकला, उद्या सगळे थोडे वर लावू, लाईनच्या सुरात. त्याचं उत्तर आलं, "उतरायचं ठरलं होतं ना?"

सोमवार

प्रॅक्टिसला दुसऱ्या गाण्यातच लाईट गेली. घूं नाही, पंखा नाही, गिटार नाही. ड्रमर अंधारात तसाच वाजवत राहिला. मी बेसच्या धडाचं वरचं शिंग हनुवटीखाली दाबून तळाची तार सोडली आणि ती दातांत ऐकली.